नापास लिहिणारा माणूस

भिंगारदिवे मिस्त्री मोटारसायकल आधी हुंगायचे आणि मग चालवायचे. कारखान्यातला माझा पहिला दिवस होता. नव्या कारकुनाने सगळं एकदा नजरेखालून घालावं म्हणून शिपाई मला शेडमधून फिरवत होता. मागच्या अंगणात एक धिप्पाड माणूस नव्या कोऱ्या गाडीपुढे उकिडवा बसला होता. त्याने इंजिनाशी नाक नेलं, दीर्घ श्वास ओढला आणि जेवणाच्या ताटात झुरळ निघावं तसं तोंड केलं.

"शी!" तो म्हणाला. मग मला पाहून, "कोन तू? नवा कारकून का? ये, वाक. वास घे."

मी वाकलो. तेलाचा वास येतोय, असं सांगितलं.

"तेलाचा न्हाई, जळक्या तेलाचा. अजून रस्ता बघितला न्हाई गाडीनं अन् आत्ताच तेल जाळाया लागली. पाळन्यातलं पोर बिडी वढतंय म्हनायचं का ह्याला?"

त्यांनी कानावरची बोथट पेन्सिल काढली, गुडघ्यावर तपासणीची वही ठेवली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नापास'. पुढे दोन वर्षं मी हा शब्द त्या वहीत इतक्यांदा पाहिला की नवी पेन्सिल आणली की ती आपोआप हाच शब्द लिहील असं मला वाटायचं.

योसेफ भिंगारदिवे हे त्यांचं पूर्ण नाव. भिंगारला, छावणीच्या अलीकडे, त्यांच्या दोन खोल्या होत्या. महायुद्धात ते आफ्रिकेच्या वाळवंटात मोटारसायकलवरून निरोप पोचवायचं काम करत. परत आले ते डाव्या कानाने जरा बहिरे होऊन आणि छातीवर दोन पदकं घेऊन. आमच्या कारखान्याचे थोरले मालक तेव्हा लष्कराच्या लिलावातल्या मोडक्या मोटारसायकली विकत घेऊन दुरुस्त करत. त्यांनी योसेफला हाताशी धरलं. दुरुस्ती करता करता दोघांनी स्वतःचीच गाडी बनवायला घेतली. तिचं नाव 'ऐरावत'. जड, उंच, काळी, आणि आवाज असा की दौंड रस्त्याला निघाली तर गावातल्या पोरांना ती येण्याआधी रस्त्यावर येऊन उभं राहायला वेळ मिळायचा. जिल्ह्यातल्या पाटलांनी, डॉक्टरांनी, निवृत्त सुभेदारांनी ती हौसेने घेतली. ज्याच्या दारात ऐरावत, त्याचा शब्द गावात चालायचा.

मी लागलो तेव्हा थोरले मालक वारले होते, आणि गिऱ्हाइकं म्हातारी झाली होती.

हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. माझं कामच गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं देण्याचं होतं. राहुरीचे एक डॉक्टर लिहायचे, 'किक मारताना गुडघ्यात कळ येते, दांडा लांब करून मिळेल काय?' नेवाशाच्या एका पाटलांनी विचारलं होतं की पाय आता सीटवरून पलीकडे जात नाही, तर गाडी चार बोटं बुटकी बनवता येईल का. एकाचं धोतर चेनमध्ये अडकून दोनदा फाटलं होतं. मग मुलांची पत्रं येऊ लागली. 'ती. वडील गेल्या महिन्यात वारले. गाडी गोठ्यात उभी आहे. आमच्यापैकी कोणी ती चालवत नाही. घेणारा असल्यास कळवावे.' दर गिऱ्हाइकामागे आमच्याकडे एक कार्ड असे. असं पत्र आलं की मी त्या कार्डावर तांबड्या पेन्सिलीने रेघ मारायचो आणि ते वेगळ्या खोक्यात टाकायचो. वर्षभरात ते दुसरं खोकं पहिल्यापेक्षा जड झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात ऐरावतवाल्यांचा मेळावा भरायचा. थोरल्या मालकांनी घालून दिलेली पद्धत. जिल्हाभरातून माणसं आपापल्या गाड्या घासूनपुसून घेऊन येत, भोजन होई, मिस्त्री प्रत्येकाची गाडी हुंगून शिव्या देत आणि लोक त्या कौतुकाने ऐकून घेत. माझा पहिला मेळावा मला आठवतो. चाळीसेक गाड्या, चाळीसेक पांढरी डोकी. जेवणात कडक बुंदीचे लाडू होते आणि निम्म्या लोकांनी ते चहात बुडवून खाल्ले. निघताना तिघांच्या गाड्यांना आमच्या कामगारांनी किक मारून दिली.

धाकटे मालक माडीच्या कठड्याला टेकून हे बघत होते. थोरल्यांचे चिरंजीव, पस्तिशीचे, पुण्यात शिकलेले, चांगल्या कपड्यातले. "थोरात," ते मला म्हणाले, "हा मोटारसायकलवाल्यांचा मेळावा आहे की पेन्शनरांचा?"

त्यांची अडचण खरी होती, हे मी आजही नाकारत नाही. गावाबाहेर सावेडीकडे नवे बंगले होत होते, तिथले तरुण स्कूटर घेत. बागायतदारांची पोरं हलक्या, फटफट आवाजाच्या नव्या गाड्यांवर कॉलेजला येत. ऐरावत दिसली की हसत. धाकट्या मालकांनी टाकीला तांबडा रंग दिला, हँडल चकचकीत केलं, कॉलेजच्या फाटकाबाहेर गाडी आठवडाभर उभी केली. एका पोराने तिच्यावर बसून फोटो काढून घेतला. विकली एकही गेली नाही.

"मेलेल्या मानसाला पावडर लावली," मिस्त्री म्हणाले.

त्यानंतर धाकट्या मालकांनी तरुणांचा नाद सोडला आणि मग जे काही सुरू झालं ते आठवलं की अजून माझ्या तोंडात आंबट पाणी येतं. एके दिवशी त्यांनी मला समोर बसवून हिशेबीपणे समजावलं. "हे म्हातारे दुसऱ्या कंपनीकडे जाणार नाहीत. त्यांची सगळी हयात ऐरावतवर गेली. जुनी गाडी झिजली की ते नवी ऐरावतच घेणार. आणि थोरात, ते ती कितीशी चालवणार? बाजारापर्यंत आणि देवळापर्यंत. त्यांना कशाला हवंय उत्तम पोलाद?"

हे बोलताना ते काजू खात होते. मी मान हलवली. मला वाटलं, मालकांच्या बोलण्यात तथ्य आहे.

पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या दोन नळ्यांना आमच्याकडे चिमटा म्हणत. गाडीचा आणि माणसाचा सगळा भार खड्ड्यात त्याच्यावर येतो. थोरल्या मालकांच्या काळी त्या नळ्या अखंड, जाड पोलादाच्या असत. आता पातळ पत्रा वळवून, सांधा मारून केलेल्या नळ्या आल्या. वरून रंग आणि चकाकी इतकी झकास की माझ्यासारख्याला कळू नये. मिस्त्रींना पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी नळी कानाशी धरून नखाने वाजवली.

"ही नळी न्हाई, ही पुंगळी हाय. अन् ह्यो सांधा बघ. शेंबडी वेल्डिंग! लहान पोराचं नाक ह्याच्यापरीस निर्मळ असतं."

पहिली गाडी नापास. दुसरी नापास. सहा गाड्या ओळीने नापास झाल्यावर धाकटे मालक स्वतः अंगणात आले.

"मिस्त्री, तुम्ही जुन्या काळात राहता."

"मी कुठं बी राहीन. चिमटा तुटल्यावर मानूस कुठं राहील त्ये सांगा."

"चाळीस घरं या कारखान्यावर जेवतात. गाड्या विकल्या नाहीत तर त्यांनी काय खायचं?"

मिस्त्रींनी वहीत सातव्यांदा 'नापास' लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून वही दुसऱ्याकडे गेली आणि मिस्त्रींना विक्रीच्या खोलीत बसायला सांगितलं. काम काहीच नाही. खुर्ची, पंखा, येणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द. वर्षानुवर्षं हात काळे असलेला तो माणूस स्वच्छ हात मांडीवर ठेवून बसायचा आणि ते हात कोणा दुसऱ्याचे असल्यासारखा त्यांच्याकडे बघायचा.

एकाहत्तरचा दसरा आला. मेळाव्याआधी धाकट्या मालकांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. मी तिथेच टंकलेखन करत होतो. "तुमचं ऐकलं मी," मालक म्हणाले. "नळ्या बदलल्या. आता तरी राग सोडा. उद्या तुमचा लष्करी कोट घाला, पदकं लावा आणि नव्या गाडीपाशी उभे राहा. लोकांना बरं वाटेल."

नळ्या बदलल्या नव्हत्या. मला ते माहीत होतं, कारण माल मागवायची पत्रं मीच लिहायचो. मी टंकयंत्रात नवा कागद घातला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कोटात आले. पितळी बटणं, दोन पदकं, कडक इस्त्री. जुनी माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली, कोणी सलाम ठोकला, कोणी पदकांना हात लावला. मिस्त्री हसत होते. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. श्रीगोंद्याकडचे सुभेदार लगड त्यांचे युद्धातले सोबती. ते नव्या गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "योसेफ हिच्यापाशी उभा हाय, म्हंजी बघायचं काम न्हाई. मला एक द्या." त्या दिवशी आणि त्यानंतरच्या महिन्यात अशा अठरा गाड्या गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात श्रीगोंद्याच्या रस्त्यावर एका पुलाच्या उताराला सुभेदारांच्या गाडीचा चिमटा तुटला. खड्डा काही मोठा नव्हता. गाडी त्यांच्या डाव्या पायावर पडली. दवाखान्यात तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सुभेदारांच्या मुलाचं पत्र माझ्याच टेबलावर आलं. मी ते मालकांना वाचून दाखवलं. त्यांनी थोडा विचार केला आणि सुभेदारांच्या नावे पाठवायच्या उत्तराचा आशय सांगितला. शब्द माझे. ते उत्तर मला अजून पाठ आहे, विसरावं म्हटलं तरी विसरत नाही: 'आपल्या अपघाताचे वृत्त वाचून आम्हांस अतीव दुःख झाले. तथापि तपासणीअंती वाहनात कोणताही दोष आढळून आला नाही. आपले वय व त्यानुसार हातांस येणारा स्वाभाविक कंप लक्षात घेता, अवजड वाहन चालविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरले असते. आपणांस लवकर आराम पडो, ही प्रार्थना.'

तपासणी कोणी केलीच नव्हती. मालक म्हणाले, "वा, थोरात! स्वाभाविक कंप! छान सुचलं." आणि मला बरं वाटलं. एका माणसाचा पाय गेला होता आणि मी एका शब्दप्रयोगावर खूश होऊन दुपारचा चहा प्यायलो. स्वतःबद्दलच्या पुष्कळ गोष्टी माणूस कालांतराने खपवून घेतो. तो चहा मला खपवता आलेला नाही.

मिस्त्रींना बातमी कळली तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि न सांगता निघून गेले. तीन दिवस आले नाहीत. श्रीगोंद्याला जाऊन आले, एवढंच कळलं. चौथ्या दिवशी ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले, पण येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते एकच वाक्य सांगत, "घेऊ नका." धाकट्या मालकांनी त्यांना त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

ते दुष्काळाचं वर्ष. दसऱ्याला झेंडूची फुलंसुद्धा धड नव्हती. जिकडेतिकडे लोक खडी फोडायच्या कामावर गेलेले. मेळाव्याला कशाबशा पंधरावीस गाड्या आल्या. भोजनाऐवजी चहाचिवडा होता. धाकटे मालक भाषणाला उभे राहिले आणि ऐरावतची परंपरा या विषयावर बोलू लागले. तेवढ्यात फाटकातून मिस्त्री आत आले. अंगात नेहमीचा मळका सदरा, खांद्यावर गोणपाटाचं पोतं. ते सरळ टेबलापाशी गेले आणि पोतं उपडं केलं. चिवड्याच्या बशांमध्ये तुटका चिमटा पडला.

"सुभेदार लगडाच्या गाडीचा हाय," ते म्हणाले. "बघा. हात लावून बघा."

कोणी हात लावला नाही. नळी जिथे फाटली होती तिथे सांध्याची रेघ उघडी पडली होती, आणि आत तांबडा गंज चढलेला. पत्रा माझ्या नखाइतका पातळ.

"मिस्त्री, बाहेर चला," धाकटे मालक म्हणाले.

"जातो. आधी येक पत्र वाचायचंय. थोरात, ऊठ."

मी उठलो. त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. सुभेदारांनी घडी इतक्यांदा उघडली होती की ती मधोमध फाटायला आली होती.

"तूच लिवलंस ना? मग तूच वाच. मला तुझ्यासारखं चांगलं मराठी येत न्हाई."

मी वाचलं. पंधरावीस म्हातारे चहाचे कप हातात धरून ऐकत होते. 'स्वाभाविक कंप'पाशी आलो तेव्हा मी पाहिलं की त्यांच्यातल्या निम्म्यांचे हात खरंच थरथरत होते, आणि तरीही ते सगळे त्याच दिवशी वीसतीस मैल गाडी चालवत आले होते.

"चाळीस घरं उपाशी मरतील, मिस्त्री," धाकटे मालक पुन्हा म्हणाले, पण आता आवाज खाली आला होता.

"म्हनून म्हातारी मारायची का? अन् ती बी आपल्यावर जीव टाकनारी?" मिस्त्री लोकांकडे वळले. "मला बी सोडू नका. मी हुभा हुतो त्या गाडीपाशी. नळ्या बदलल्या म्हनाले, मी तपासलं न्हाई. वाकून बघायचं हुतं, वास घ्यायचा हुता. पन अंगात इस्त्रीचा कोट हुता. मळंल म्हनून वाकलो न्हाई. लोक सलाम करत हुते, मला ग्वाड वाटत हुतं. आता त्यो कोट बघितला की वकारी येती मला."

एवढं बोलून ते निघून गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी घोषणा दिल्या नाहीत. एकेक म्हातारा कप खाली ठेवून उठला आणि आपल्या गाडीपाशी जाऊन चिमटा बघू लागला.

तुम्ही म्हणाल, मग मी त्याच क्षणी नोकरी सोडली असेल. नाही सोडली. कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे आणखी आठ महिने, मी तिथे पत्रं लिहीत होतो. दुष्काळात नोकरी सोडायची हिंमत माझ्यात नव्हती. एवढं मात्र केलं, की पुढच्या रविवारी अठरा गिऱ्हाइकांची नावंपत्ते उतरवून भिंगारला गेलो. मिस्त्रींच्या पत्नी, मार्थाकाकूंनी दार उघडलं आणि मला बघून आत निघून गेल्या. मिस्त्रींनी कागद घेतला.

"सतरा ऱ्हायल्या," ते म्हणाले. "नळ्या कुठनं आणायच्या?"

तेव्हा मला त्या दुसऱ्या खोक्याची आठवण झाली. मेलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या जिल्हाभर गोठ्यांत आणि पडव्यांत उभ्या होत्या, जुन्या जाड पोलादाच्या. मी ती कार्डंही उतरवून आणली. आणि मग त्या हिवाळ्यात दर रविवारी आम्ही एस.टी.ने निघायचो. आधी एखाद्या विधवेच्या किंवा मुलाच्या दारात. मिस्त्री टोपी काढून सांगायचे, "तुमच्या मालकाच्या गाडीचा चिमटा पायजे. येका जित्या मानसासाठी." कोणी नाही म्हटलं नाही. नेवाशाच्या त्या पाटलांच्या विधवेने तर गाडीवरचं धान्याचं पोतं स्वतः उतरवलं आणि गाडीला हळदकुंकू लावून मग हात लावू दिला. नंतर आम्ही ती नळी घेऊन नव्या गाडीच्या मालकाकडे जायचो. मी पाने हातात द्यायचो, मिस्त्री काम करायचे. वाटेत ते माझ्याशी जवळजवळ बोलत नसत. बोलले तर, "तो तेरा नंबरचा पाना दे," एवढंच. श्रीगोंद्याला, सुभेदारांकडे, मात्र ते एकटे जात. मीही तिकडे येतो असं कधी म्हणालो नाही.

शेवटची गाडी राहुरीच्या त्या डॉक्टरांची, गुडघ्याची कळ लिहिणाऱ्या. वय सत्तरीचं, पांढरं स्वच्छ धोतर, आणि अंगणात तुळशीजवळ उभी नवी ऐरावत. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि तांबडेलाल झाले.

"मी सव्वीस वर्षं ऐरावत चालवतो. थोरल्या मालकांनी स्वतः माझ्या हातात किल्ली दिली होती. तुम्हाला कामावरून काढलं म्हणून तुम्ही कंपनीची बदनामी करत गावोगाव हिंडता? लाज वाटायला हवी. गाडीला हात लावायचा नाही."

"डाक्टर, येक डाव बघा तरी—"

"हात लावायचा नाही म्हटलं ना? चहा घ्या आणि चालू लागा." आणि ते चहा सांगायला आत गेले.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून करवत काढली, गाडीपाशी जाऊन उकिडवे बसले आणि डाव्या नळीवर पातं टेकवलं. मी म्हणालो, "मिस्त्री, अहो, पोलीस बोलावतील."

"बोलवू दे."

जाड पोलाद असतं तर त्यांना अर्धा तास लागला असता. डॉक्टर चहाचं तबक घेऊन बाहेर येईपर्यंत नळी तुटली होती. डॉक्टर दारातच थांबले. मिस्त्रींनी सरकून जागा केली आणि कापलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं. डॉक्टर तबक घेऊनच वाकले. बराच वेळ वाकून राहिले. गुडघा दुखत असणार. आतला पत्रा, आतला गंज, आतला तो शेंबडा सांधा.

"याच्यावर मी नातीला शाळेत सोडतो," ते म्हणाले.

डॉक्टरांनी तबक खाली ठेवलं, स्वतः एक कप उचलून मिस्त्रींच्या हातात दिला, आणि मग आमचं काम संपेपर्यंत पायरीवर बसून राहिले.

कारखाना त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बंद पडला. धाकटे मालक पुण्याला गेले. चाळीस घरांपैकी बरीच पांगली. मला सोसायटीत कारकुनी मिळाली. मिस्त्रींनी भिंगारला पाण्याचे पंप दुरुस्त करायचं छोटं दुकान टाकलं होतं, पण ते फार दिवस चाललं नाही. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि ती पोटात गेली. मी भेटायला गेलो तेव्हा तो धिप्पाड देह खाटेवरच्या वाकळेत हरवून गेला होता. डोळे पिवळे, पण नजर तीच.

मार्थाकाकू पाणी आणायला उठल्या तेव्हा मी धीर करून म्हणालो, "मिस्त्री, त्या पत्राबद्दल मला माफ करा."

त्यांनी तोंड वाकडं केलं. "माझ्याकडं काय मागतो? पाय माझा गेला का?"

"तसं नव्हे, पण—"

"सतरा गाड्यांपाशी माझ्या संगं आलास. श्रीगोंद्याला येकदा तरी आलास का? तू 'येतो' म्हनशील म्हनून मी वाट बघत हुतो. आपलं वझं दुसऱ्याच्या दारात टाकून जानाऱ्या मानसाची मला किळस येती, थोरात. मग त्यो मालक असो, न्हाईतर तू."

हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. चार दिवसांनी ते गेले. दफनाला जुने ऐरावतवाले आले, बहुतेक एस.टी.ने. कोट त्यांच्या अंगात घालू नये असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मार्थाकाकूंनी त्यांना साधा पांढरा सदरा घातला.

त्याच आठवड्यात मी श्रीगोंद्याला गेलो. सुभेदार लगडांचं घर उसाच्या कडेला होतं. ते ओट्यावर बसले होते, बाजूला कुबड्या. मी पायरीखालीच उभा राहून नाव सांगितलं आणि म्हणालो, "ते पत्र मी लिहिलं होतं."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. घाई अजिबात केली नाही.

"योसेफ गेला म्हनं," ते म्हणाले.

"हो. मंगळवारी."

"दर म्हयन्याला यायचा. हितंच बसायचा, ह्या पायरीवर. वर ये म्हटलं तर येत नसं. मी त्याला शिव्या द्यायचो. लई शिव्या द्यायचो, त्याच्या आयबापाचा उद्धार करायचो. पाय दुखायचा ना. न्हाई तो पाय दुखायचा. त्यो गप ऐकून घ्यायचा, पानी प्यायचा अन् संध्याकाळच्या गाडीनं जायचा. दोन वर्सं." ते थांबले. उसातून वारा गेला. "त्यो हुता तवर मला कोनाला तरी बोलता येत हुतं. आता कोनाला बोलू?"

मी तसाच उभा राहिलो.

सुभेदारांनी कुबडीच्या टोकाने पायरी दाखवली.

"बस," ते म्हणाले.

मी बसलो. आतून सूनबाई पाण्याचा तांब्या ठेवून गेली. सुभेदारांनी कापलेल्या पायावरचं धोतर नीट केलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली.